संघाचे नाव कोणी ठेवायचे?



गेल्या रविवारी माझा भाचा घरी आला होता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे मामाच्याच वाटेने चालला आहे. आमच्या महाबळेश्वरात पाऊस ओसरून उन्हाचे चार कवडसे दिसू लागले की कॉलेजच्या पोरांना खेळांच्या आठवड्याचे वेध लागतात. बाहेरच्या स्पर्धेत कॉलेजचा संघ कॉलेजच्याच नावाने उतरतो. शिवाजी विद्यापीठाच्या सातारा विभागाचे सामने असले की माईकवरून कॉलेजचे नाव पुकारतात, तेवढेच. पण कॉलेजच्या आत वर्गावर्गांचे सामने होतात, त्याला हल्ली टोपणनावाशिवाय भागत नाही. २००८ साली आयपीएल सुरू झाली आणि गल्लीबोळांतले संघसुद्धा किंग्ज, रायडर्स, वॉरियर्स झाले. आमच्या वेळी 'एस.वाय. कॉमर्स' एवढे खडूने फळ्यावर लिहिले की काम भागायचे. असो.

भाच्याने मोबाईल पुढे केला. कॉमर्सच्या कबड्डी संघाच्या टी-शर्टावर छापायचे चित्र बाजारातल्या छपाईवाल्याने तयार करून पाठवले होते. डोक्याला पिसांचा टोप, नाक धारदार, चेहरा लालभडक, असा एक माणूस एका बाजूला पाहतो आहे. खाली इंग्रजीत नाव, 'रेडस्किन रेडर्स'.

"कसं वाटतंय, मामा?"

"हे नाव कुणी शोधलं?"

"आम्ही सगळ्यांनी. कबड्डीत रेड असते ना, म्हणून रेडस्किन. रेडवर रेड. आणि चित्र नेटवर आयतंच मिळालं."

मला आधी हसू आले. टीव्हीवर कबड्डी दाखवायला लागल्यापासून चढाईची 'रेड' झाली आणि चढाई करणाऱ्याचा 'रेडर' झाला, हे खरे. पण इंग्रजीत चढाईची रेड वेगळी आणि लाल रंगाची रेड वेगळी, आणि 'स्किन' म्हणजे कातडी. रेडस्किन म्हणजे लाल कातडीचा. अमेरिकेत गोऱ्यांनी तिथल्या मूळच्या आदिवासींना कातडीवरून मारलेली ही हाक आहे. आपल्याकडे हाक मारायला कातडी लागत नाही, आडनाव आणि वस्ती पुरते. त्याला म्हटले, "बाळा, बस जरा."

ज्या संघाचे हे नाव होते त्याची हकीकत त्याला सांगितली. १९३३ साली बोस्टनच्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाने हे नाव घेतले. पुढे १९३७ साली तो संघ वॉशिंग्टनला, म्हणजे त्या देशाच्या राजधानीत गेला. आदिवासी संघटना कित्येक वर्षे सांगत होत्या की हा आमचा अपमान आहे. मालक म्हणत होता, नाव कधीच बदलणार नाही. मग २०२० च्या उन्हाळ्यात, एका काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्यावर सारा देश रस्त्यावर आला, मोठ्या कंपन्यांनी जाहिरातीचे पैसे आखडते घेण्याचा इशारा दिला आणि जुलैमध्ये 'कधीच नाही'चे 'आजपासून नाही' झाले. दोन हंगाम तो संघ नुसताच 'वॉशिंग्टनचा फुटबॉल संघ' म्हणून खेळला. २०२२ मध्ये त्याला 'कमांडर्स' हे नाव मिळाले.

भाचा ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते की मामा लांब गेला. म्हणाला, "मामा, अमेरिका कुठं, आपण कुठं. इथं कुणाला कळणार आहे? कुणाचं मन दुखणार आहे?"

प्रश्न खरा होता. इथे कोणी अमेरिकन आदिवासी येऊन आमच्या कॉलेजच्या मैदानाबाहेर फलक धरणार नाही. त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्का म्हणाली, "त्याला तुझ्या टुर्नामेंटचं सांग की. शर्ट फाडून घरी आला होतास ती."

ही गोष्ट मी घराबाहेर फारशी सांगितलेली नाही. आता लिहितो.

मी कॉलेजात होतो तेव्हाची. आमच्या वस्तीतल्या पोरांचे मंडळ होते, नाव पंचशील. आपल्या वस्त्यांतून अशी नावे पुष्कळ, पंचशील, सिद्धार्थ, नालंदा. एका गावच्या कबड्डी सामन्यांत आम्ही प्रवेश घेतला. गावाचे नाव लिहीत नाही. प्रवेश फी एक्कावन्न रुपये, ती आम्ही वर्गणी काढून भरली. पावती मीच फाडून घेतली, कारण हिशेबाचे काम तेव्हाही माझ्याकडेच. पावतीवर शाईने स्वच्छ लिहिले होते, 'पंचशील क्रीडा मंडळ'. आम्ही मैदानाच्या कडेला पायांना माती चोळत बसलो होतो आणि माईकवरून आवाज आला, "महारवाडा संघाने मैदानात यावे."

आधी कोणी उठले नाही. आम्हाला वाटले दुसरे कोणी असेल. मग पुन्हा पुकारले, या वेळी 'लवकर' हा शब्द जोडून. पावती माझ्या खिशात होती. मी ती काढून माईकवाल्याला दाखवायला हवी होती. मी दाखवली नाही. उठलो, मैदानात गेलो, खेळलो. पहिल्याच चढाईत मी मध्यरेषेवर पकडला गेलो आणि शर्ट बगलेपासून खाली फाटला. सामना आम्ही हरलो. निकाल सांगतानाही तेच नाव सांगितले. घरी आल्यावर वडिलांनी विचारले, "पावती दाखवली का?" मी म्हणालो, नाही. ते पुढे काही बोलले नाहीत. ती पावती माझ्याकडे अजून आहे. कारकुनाच्या घरात कागद फेकला जात नाही.

माईकवाला वाईट माणूस होता असे मला आजही वाटत नाही. त्याने कदाचित पावती पाहिलीच नसेल. समोर बसलेली पोरे कुठली एवढे त्याला ठाऊक होते आणि त्याच्या दृष्टीने तेच आमचे नाव होते. आम्ही स्वतःला काय म्हणतो याची चौकशी करावी असे त्याच्या मनातच आले नाही.

हे ऐकून भाचा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आम्ही तो माईकवाला झालो?" मी म्हटले, तेवढे टोकाला नको जाऊस. पण त्याच्या मनात काहीतरी हलले असावे.

आपल्या सातारा भागाशी जोडलेली आणखी एक हकीकत त्याला ठाऊक नव्हती. पुष्कळ वाचकांनाही नसेल, म्हणून सविस्तर देतो. पळवणकर बाळू. १८७६ सालचा जन्म, चांभार समाजातले, वडील पुण्यात फौजेच्या नोकरीत. पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम मिळाले. तिथून चार रुपयांवर गोऱ्या साहेबांच्या क्लबात. तिथे ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते डावखुरे गोलंदाज म्हणून असे तयार झाले की पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांच्यावाचून गोऱ्यांना हरवणे जमेना. क्लबात मोठा खल झाला आणि अखेर घेतले. घेतले म्हणजे मैदानावर घेतले. त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे हाताळायचे. चहाची वेळ झाली की इतरांना पॅव्हिलियनमध्ये कपातून आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून. जेवायला ताट वेगळे, बसायला जागा वेगळी.

त्या काळी साताऱ्याला गोऱ्यांचा जिमखाना होता. पुण्याचा संघ तिथे खेळायला येणार म्हटल्यावर बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. तरी बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना जिंकला. त्यानंतर साताऱ्याच्या रस्त्यांतून त्यांना हत्तीवर बसवून मिरवले. पुण्याला परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी हार घातला. साताऱ्याच्या ज्या रस्त्यांवर आपण एस.टी.साठी ताटकळतो, त्या रस्त्यांवरून हा हत्ती गेला आहे.

आता संघाच्या नावाचे बघा. पुढे मुंबईत जी मोठी स्पर्धा भरू लागली, तीत संघांची नावे धर्मावरून होती. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम. बाळू 'हिंदू' संघातून खेळले. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी सगळ्या सामन्यांत मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद काही त्यांना मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या धाकट्या भावांनी, दोघेही त्याच संघातले, जाहीरपणे आपली नावे काढून घेतली. मग पुढच्या सामन्याला भाऊ परत आले ते बाळूंना उपकर्णधार केल्यावरच. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. म्हणजे ज्या नावाच्या झेंड्याखाली देवळाच्या पायरीवर उभे राहता येत नव्हते, त्याच नावाचा संघ एका चांभाराच्या पोराने जिंकवून दिला. नाव सगळ्यांचे, मान मात्र मोजून मापून.

इथे एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत परमपूज्य बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. त्यामुळे आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी काढत नाही. मला हे पटत नाही. निवडणुकीचा हिशेब निवडणुकीच्या खात्यावर राहू द्यावा. त्या मातीच्या भांड्यातल्या चहाचे खाते वेगळे आहे आणि ते आपल्या सर्वांचे आहे.

त्या स्पर्धेतले सर्वांत चमत्कारिक नाव मात्र अजून सांगायचे आहे. १९३७ साली पाचवा संघ वाढवला. त्यात हिंदी ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध, असे चार खणांत न बसणारे सगळे. त्याचे नाव काय ठेवले? 'दि रेस्ट'. म्हणजे बाकीचे. उरलेसुरले. आपले सांगलीचे विजय हजारे, जन्म १९१५, धर्माने ख्रिस्ती, ते या 'बाकीच्यां'तून खेळायचे. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध दुसऱ्या डावात संघाच्या एकूण धावा झाल्या ३८७ आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. दुसऱ्या टोकाला त्यांचे भाऊ विवेक कितीतरी वेळ नुसते पाय रोवून उभे होते. सामना 'बाकीच्यां'नी डावाने गमावला, पण आज तो आठवतो तो बाकीच्यांतल्या त्या एकामुळे.

गांधीजींनी १९४० साली अशा धर्मवार संघांना उघड विरोध केला आणि १९४६ साली ती स्पर्धा संपली. भाच्याला मी गमतीने म्हटले, ती चालू राहिली असती तर १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपला खेळाडू 'हिंदूं'मधून उठून 'बाकीच्यां'त जाऊन बसला असता. दोन्ही नावे दुसऱ्याने ठेवलेली. तो म्हणाला, "मग आपलं नाव कुठलं?" पोरे कधीकधी असा प्रश्न विचारतात की हातातला चहा गार होतो.

अमेरिकेतल्या कॉलेजांचे उदाहरण इथे कामी येते, कारण हा झगडा तिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला आहे. आपल्या 'रेडस्किन'चेच घ्या. ओहायो राज्यात मायामी नावाचे जुने विद्यापीठ आहे, १८०९ चे. ते नाव मायामी जमातीचे. त्या जमातीला तिथून १८४६ साली हुसकावून पश्चिमेला नेले. माणसे गेली, नाव ठेवून घेतले. पुढे विद्यापीठाच्या संघांना 'रेडस्किन्स' म्हणू लागले. जमातीने एकदा त्याला संमतीही दिली होती. पण १९९६ साली तिने संमती काढून घेतली आणि १९९७ पासून ते संघ 'रेडहॉक्स', म्हणजे ससाण्यासारखा एक पक्षी, या नावाने खेळतात. जमात आणि विद्यापीठ यांचे संबंध त्यानंतर तुटले नाहीत, उलट तिथे मायामी भाषेवर मोठे काम उभे राहिले आहे.

डार्टमाउथ नावाचे कॉलेज तर १७६९ साली, सनदेत लिहिल्याप्रमाणे, आदिवासी मुलांना शिकवण्यासाठी निघाले. पहिल्या दोनशे वर्षांत तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेली आदिवासी मुले वीससुद्धा भरत नाहीत. संघाला मात्र 'इंडियन्स' म्हणायचे, तेही १९२०च्या सुमारास बोस्टनच्या वार्ताहरांनी चिकटवलेले नाव. वर्गात आदिवासी नाही आणि शर्टावर आहे. १९७० नंतर खरोखरीची आदिवासी मुले प्रवेश घेऊ लागली आणि त्यांनी पहिला आक्षेप घेतला तो या नावाला. १९७४ मध्ये विश्वस्तांनी ते बाजूला केले. स्टॅनफर्ड विद्यापीठानेही आदिवासी विद्यार्थ्यांच्या अर्जावरून १९७२ साली 'इंडियन्स' सोडले. नवीन नाव काय ठेवावे म्हणून १९७५ मध्ये मुलांचे मतदान घेतले तर बहुमत पडले 'रॉबर बॅरन्स'ला, म्हणजे लुटारू सावकार! विद्यापीठाचा संस्थापक रेल्वेचा बडा मालक होता, त्याला मारलेला हा टोला. व्यवस्थापनाने अर्थातच तो मानला नाही. आता त्यांचे नाव नुसते एका लाल रंगावरून आहे.

मला सर्वांत बोलके वाटते ते नॉर्थ डकोटा विद्यापीठाचे. तिथल्या संघांना आधी खारीच्या जातीच्या एका प्राण्याचे नाव होते. १९३० साली वाटले की हे फार मवाळ आहे, म्हणून 'सू' या लढवय्या जमातीचे नाव घेतले. पुढे विरोध वाढला तेव्हा एका धनिक माजी विद्यार्थ्याने दहा कोटी डॉलरहून अधिक खर्चाचे क्रीडागृह बांधायला घेतले आणि धमकी दिली की नाव बदलाल तर बांधकाम अर्धवट सोडीन. २००१ मध्ये ते उघडले तेव्हा फरशीत, खुर्च्यांवर, दारांवर हजारो ठिकाणी त्या जमातीचे चिन्ह कोरलेले होते, उद्या काढायचे म्हटले तरी खर्चाने कंबर मोडावी म्हणून! देणगी आणि दमदाटी एकाच पाकिटात. सू लोकांच्या दोन वसाहतींपैकी एकीने संमती दिली, दुसरीने दिली नाही. शेवटी २०१२ मध्ये साऱ्या राज्याचे मतदान झाले आणि सुमारे दोन तृतीयांश लोकांनी नाव सोडण्याच्या बाजूने कौल दिला. २०१५ पर्यंत तो संघ बिननावाचाच खेळत होता. खेळ काही थांबला नाही.

उलट फ्लोरिडाच्या विद्यापीठाचे संघ आजही 'सेमिनोल' नावानेच खेळतात. २००५ साली कॉलेजांच्या क्रीडासंघटनेने अशा नावांवर निर्बंध घातले तेव्हा फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीने स्वतः सांगितले की हे आमच्या संमतीने आहे आणि ते नाव राहिले. म्हणजे जमातीचे नाव घेतले की अपमानच, असा सरसकट नियम नाही. ज्याचे नाव त्याला विचारले का, एवढाच प्रश्न.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तिथल्या संघांना 'लायन्स' हे नाव मिळून तीनच वर्षे झाली होती. ते विद्यापीठ मूळचे इंग्रज राजाच्या सनदेचे किंग्ज कॉलेज, म्हणून सिंह. ग्रंथालयात दिवस काढणाऱ्या त्या विद्यार्थ्याला खेळ बघायला कितीशी सवड मिळाली असेल! पण नावाची ताकद त्यांनी नंतर कशी ओळखली ते पाहा. १९४६ साली मुंबईत कॉलेज काढले, नाव सिद्धार्थ. औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंद आणि त्या परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघे एकाच आवारात. कोणी देऊ केलेली नावे नव्हती ती.

मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी काय मोजावे लागले ते या साप्ताहिकाच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. १९७८ चा ठराव, जळलेली घरे, गेलेले जीव आणि १४ जानेवारी १९९४. मी तेव्हा शाळेत होतो, वस्तीत त्या रात्री साखर वाटली. आज त्या विद्यापीठाचा खेळाडू आंतरविद्यापीठ सामन्यात उतरतो तेव्हा माईकवरून जे नाव पुकारले जाते त्यात बाबासाहेबांचे नाव असते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, शाहूनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तोही याच वाटेवरचा. मात्र रजिस्टरातले नाव एका सहीने बदलते, माईकवाल्याच्या तोंडातले बदलायला वेळ लागतो. आमच्याच महाबळेश्वरात बघा, नाकेखिंडीचे केट्स पॉइंट झाले ते गव्हर्नर माल्कमच्या मुलीच्या नावावरून, आणि आज टॅक्सीवाला, घोडेवाला, पर्यटक सगळे केट्सच म्हणतात.

एवढे झाल्यावर मी भाच्याला माझी सूचना केली. म्हटले, नाव ठेवायचेच तर चांगले ठेवा, 'नागसेन' ठेवा, 'भीमसैनिक' ठेवा. वाचकहो, इथे माझी चूक झाली आणि ती भाच्याने पकडली, अगदी मध्यरेषेवर. तो म्हणाला, "मामा, संघात आम्ही बारा जण. आपले तिघं. दोघं मुसलमान, एक धनगर, बाकी मराठे आणि एक कोळी. तुम्हीच म्हणालात ना, ज्याच्या शर्टावर नाव त्याला विचारा? मग तुम्ही कोण ठरवणार? आणि मी एकट्यानं तरी कसं ठरवू?"

अक्का आतून हसली. मला ओशाळल्यासारखे झाले खरे, पण मनातून बरे वाटले. आपल्या महापुरुषांचे नाव बाराजणांपैकी नऊ जणांनी न विचारता अंगावर घालावे ही अपेक्षा मी कशी केली? त्यांनी आनंदाने घेतले तर गोष्ट वेगळी. बाबासाहेबांचे नाव आपल्या दबावाने कोणाच्या पाठीवर छापले जाऊ नये.

बुधवारी भाच्याचा फोन आला. सोमवारी सगळे बसले होते म्हणे, कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर. पिसांच्या टोपाचे चित्र रद्द करायला एक-दोघे नाखूश होते, कारण छपाईवाल्याला पाचशे रुपये आगाऊ दिले होते. मग भाच्याने माझ्या टुर्नामेंटची गोष्ट सांगितली. मला न विचारता सांगितली, पण असू दे. धनगराच्या पोराने त्यावर सांगितले की गेल्या वर्षी त्याच्या वाड्यावरच्या क्रिकेट संघाला एका ठिकाणी 'मेंढरं आली' म्हणून हाळी दिली होती. तो हे कधी बोलला नव्हता. त्यानंतर पाचशे रुपयांवर कोणी वाद घातला नाही.

नावे पुष्कळ निघाली. 'मावळे' हे आर्ट्सवाल्यांनी आधीच घेतले होते. कोणी नद्यांची नावे सुचवली, पण 'सावित्री' मुलींच्या व्हॉलीबॉल संघाने मागून ठेवले आहे. ही नदी इथेच उगवते, आणि सावित्रीमाईंचे नायगाव आपल्याच जिल्ह्यातले, एका नावात दोन्ही आले. मुली पोरांपेक्षा हुशार निघाल्या. शेवटी कोळ्याच्या पोराने 'रानगवा' म्हटले. आमच्या जंगलात गवे आहेत, रात्री स्ट्रॉबेरीच्या शेतात उतरतात आणि एकदा पाय रोवून उभा राहिला की गव्याला ढकलायची कोणाची हिंमत नाही. पकड करणाऱ्यांना हे फार आवडले. बाराही हात वर झाले.

"गव्याला विचारलंत का?" मी म्हटले.

"तो रात्री येईल तेव्हा विचारू," भाचा म्हणाला.

छपाईवाला आगाऊ रक्कम परत देणार नाही, पण नवीन चित्राला वेगळे पैसे लावणार नाही, एवढ्यावर तडजोड झाली आहे. नाव मराठीतच छापायचे ठरले आहे. आणि खेळांच्या आठवड्यात माईकवर बसायला बाहेरचा कोणीतरी हवा होता. पोरांनी सरांकडे माझे नाव दिले आहे. त्या तारखांना आमच्या कार्यालयात तपासणी लागण्याची शक्यता आहे, तरी मी दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज टाकला आहे. संघांच्या नावांची यादी मला आदल्या दिवशी लेखी हवी, हेही सरांना कळवले आहे.